खुन्याची लेक आमच्या घरात

आईने त्या पोरीला घरी आणलं तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते. दिवस अजून मावळला नव्हता. आई दारातून वाकून आत आली. तिच्या कडेवर चारेक वर्षांचं पोर होतं. केसांच्या जटा झालेल्या, नाक वाहत होतं, अंगात कुणा मोठ्या माणसाची फाटकी बंडी. आईने तिला माझ्याशेजारी बसवलं आणि म्हणाली, "हिला आधी वाढ. लई भुकेली हाय."

मी त्या पोरीकडे पाहिलं आणि माझे पिठाचे हात तसेच राहिले. आमच्या वस्तीत तिला न ओळखणारं कुणी नव्हतं. माझ्या वडिलांचा ज्याने जीव घेतला, त्या माणसाची ती लेक होती.

तव्यावरची भाकर करपली, घरभर वास सुटला. आईनेच पुढे होऊन ती उतरवली, करपलेला पापुद्रा काढून टाकला, उरलेली डाळीच्या कोरड्यासात कुस्करली आणि पोरीच्या तोंडात घास घातला. पोर गिळत होती, चावत नव्हती.

"आई, ही कुणाची हाय, ठावं हाय ना तुला?" मी विचारलं.

"ठावं हाय."

"मग?"

"मग काय? पानी दे तिला. घास अडकंल."

मी पाणी दिलं नाही. उठून बाहेर गेले आणि लिंबाच्या बुडाशी बसले. रडू आलं नाही, रागही लगेच आला नाही. कुणीतरी मागून डोक्यात मारावं आणि क्षणभर काहीच कळू नये, तसं झालं होतं.

आम्ही कोण होतो ते सांगायला हवं. आमचं गाव धारूरच्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला, बालाघाटाच्या कडेवर. राज्य निजामाचं होतं. गावाच्या बाहेर आमचा मांगवाडा होता. घायपाताची पानं कुजवून त्यांचा वाख काढायचा, त्याचे दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, आणि लग्नाकार्यात, जत्रेत हलगी वाजवायची, हे आमचं पिढीजात काम. त्याच्या बदल्यात सुगीला गावाकडून धान्य मिळे. त्या धान्यावर आमच्या वस्तीचं वर्ष निघे.

माझे वडील आणि तो माणूस एका अंगणात वाढले होते. दोघं हलगी वाजवायला उभे राहिले की वडवणीपर्यंतची माणसं बोलावणं पाठवत. मी त्याला काका म्हणत असे. धारूरच्या बाजाराला जाताना घाट लागला की तो मला खांद्यावर घेई आणि माझ्या वडिलांना म्हणे, "तुझी पोर हाय बे, अन् वझं मी वाहतोय." वडील हसत.

मी लहान असतानाच वडिलांनी आणि वस्तीतल्या आणखी दोन-तीन घरांनी बाप्तिस्मा घेतला. बीडहून एक पाळक बैलगाडीने अधूनमधून येत, झाडाखाली उपासना घेत. वडील मोठेपणी वाचायला शिकले. अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत, एक ओळ वाचायला त्यांना केवढा तरी वेळ लागे. पण वाचून झालं की वर बघत आणि चेहरा असा होई की जणू त्या ओळीत त्यांना कुणी नावाने हाक मारली आहे.

पुढे एका वर्षी त्यांनी देवीच्या जत्रेत हलगी वाजवायला नकार दिला. भांडण केलं नाही. गावातल्या मोठ्या माणसांपुढे हात जोडून सांगितलं, की दुसरं सांगाल ते काम करीन, एवढं माझ्याच्याने होणार नाही. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. सुगी आली, आमची माणसं खळ्यावर गेली, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की यंदा मांगवाड्याला दाणा नाही. एकाने हलगी खाली ठेवली, तर सगळ्यांनी पोटं आवळावीत. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता त्यांनाही नाही आणि ज्यांनी घेतला नव्हता त्यांनाही नाही.

काकांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. त्यांच्या घरात म्हातारी आई होती, बाळंतीण बायको होती आणि तिच्या मांडीवर ही पोर होती. ते वडिलांची समजूत घालायला पुन्हा पुन्हा येत. शेवटचे आले ते भर दुपारी. वडील अंगणात वाख कुटत बसले होते, आई जवळच डाळ निवडत होती. मी ओढ्यावर पाण्याला गेले होते. जे झालं ते मला आईने सांगितलं.

काका म्हणाले, "एकदा वाजव. एकदाच. तुझ्या देवाला काय कळणार हाय?"

वडील म्हणाले, "मला कळंल ना."

वाख कुटायचं लाकूड तिथेच पडलं होतं. काकांनी ते उचललं आणि मारलं. एकच घाव, कानामागे. दुसरा मारला नाही.

मी घागर घेऊन आले तेव्हा काका वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांचे गाल थोपटत होते. "ऊठ बे," ते म्हणत होते. "ऊठ ना बे." ते पळून गेले नाहीत. निजामाच्या पोलीस अमीनाचे जवान आले तेव्हाही तसेच बसून होते. वडिलांनी पुन्हा डोळे उघडले नाहीत. त्याला माफ कर असं ते कुणाला म्हणाले नाहीत, काहीच म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे ख्रिस्ती मंडळीत लोक अशी गोष्ट सांगू लागले की मरताना वडिलांनी आईकडून वचन घेतलं होतं. तसं काही नव्हतं. आईजवळ कुणाचंही वचन नव्हतं.

खटला बीडच्या अदालतीत चालला. सगळं कामकाज उर्दूत, आम्हाला त्यातला एक शब्द कळेना. एका कारकुनाने आईला मराठीत विचारलं, "ह्यानं आधी कधी मारायची धमकी दिलती का?" आमच्याबरोबर आलेल्या भाऊबंदांनी आईला वाटेतच पढवून ठेवलं होतं, की दिली होती म्हण, म्हणजे फाशी होईल. आई म्हणाली, "न्हाई. एकदाच मारलं. मारून रडत बसला." भाऊबंद परतीच्या वाटेवर तिच्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. काकांना फाशी झाली नाही, तुरुंग झाला.

पुढच्या काळात तापाची साथ आली. घरोघर माणसं गेली, तशी काकांची बायकोही गेली. म्हातारी पोरीला घेऊन मागून खात होती. मग म्हातारीही गेली. माजलगावकडून कुणी नातेवाईक आले, त्यांनी पोरीला पाहिलं आणि तिला तिथेच ठेवून निघून गेले. वस्तीत कुणी तिला उंबऱ्याच्या आत घेईना. कुणी म्हणे खुन्याचं रक्त आहे, कुणी म्हणे तिच्या पायगुणाने घर बसलं. पोर उकिरड्याशी बसून कांद्याची सालं खाई.

आईने तिला तिथून उचललं होतं.

त्या संध्याकाळी मी लिंबाखालून आत यायला तयार नव्हते. आई पोरीला निजवून बाहेर आली आणि माझ्यापासून थोडं दूर बसली.

मी म्हटलं, "तुला तिचा लळा लागलाय. बा मेला ते इसरलीस तू."

आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मला ती आवडत न्हाई. तिचं कपाळ त्याचंच हाय, बघितलं की तोच दिसतो मला. लई डाव तिच्यावरून गेले, वळून बघितलं न्हाई. पर आवडायची वाट बघत बसले तर ती मरंल."

"मरू दे की."

आईने माझ्याकडे पाहिलं. ती चिडली नाही. "आपन कोन होतो गं?" ती म्हणाली. "तुझ्या बाला त्या देवानं बोलीवलं, तवा आपन काय केलतं त्याच्यासाठी? काय बघून बोलीवलं? पाळकसाहेब त्याला कृपा म्हंत्यात. मला त्यातलं लई कळत न्हाई. पर एक कळतंय. ती कृपा आपल्याला मिळाली, अन् ह्या पोरीला न्हाई म्हणलं, तर आपल्याला मिळालं ते काय होतं मग?"

मला ते पटलं नाही. मला एवढंच कळलं की माझ्या आईचं डोकं फिरलं आहे. आणि ते कळून मी हादरले, कारण वडील गेल्यावर मला तीच तेवढी उरली होती.

पुढच्या खेपेला पाळक आले. गावात कुजबुज सुरू झाली होती, मंडळीतलं एक घर उपासनेला यायचं बंद झालं होतं. पाळक आमच्या ओट्यावर टेकले. पोर त्यांच्या चपलांशी खेळत होती. ते तिच्याकडे एकदा आणि आईकडे एकदा पाहत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "क्षमा करा असं मीच सांगितलं. पण क्षमा मनात करता येते. तिला घरात आणायलाच हवं असं नाही."

"मनात ठिवून ती काय खाईल, साहेब?" आईने विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

जाताना पाळकांनी गाडीतलं ज्वारीचं गाठोडं आमच्या ओट्यावर ठेवलं. मला बाजूला बोलावून म्हणाले, "मुली, मी कृपेवर पुष्कळ बोलतो. पण तुझ्या घरात आज जे बघितलं त्यानं मला भीती वाटली. तुला वाटते का?"

"वाटती," मी म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि वडील गेल्यावर मला समजून घेणारं एक माणूस आहे असं पहिल्यांदा वाटलं.

पोर घरात राहिली. मी तिच्याशी बोलत नव्हते. आई कामाला गेली की तिला भाकर द्यायची वेळ माझ्यावर येई. मी ती तिच्यापुढे ठेवी आणि तोंड फिरवी. ती मात्र माझ्या मागे मागे फिरे. तिने माझं नाव आक्का ठेवलं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी दिवा लावला की आम्ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणत असू. त्या प्रार्थनेत क्षमेची एक ओळ आहे. जशी आम्ही दुसऱ्यांना केली तशी आम्हाला कर, अशा अर्थाची. वडील गेल्यापासून मी तेवढी ओळ गाळत असे. ओठ मिटून घेई आणि पुढच्या ओळीला आईबरोबर होई. आईच्या लक्षात आलं असेलही, पण ती कधी बोलली नाही.

एका संध्याकाळी आई धारूरच्या बाजारातून परतली नव्हती. वाटेत कुठे तरी गाडी अडली असणार. दिवा लावून मी आणि पोर दोघीच बसलो. ती आता चांगलं बोलू लागली होती, पाच-सहा वर्षांची असेल. प्रार्थना संपली आणि ती म्हणाली, "आक्का, तू मधलं सोडतीस."

"काय सोडती?"

"मधलं एक. रोज सोडतीस. मी ऐकते ना." ती माझ्या गुडघ्याला टेकून बसली. "येत न्हाई का तुला? मी शिकवू?"

उत्तर काय देणार? येतं, पण तुझ्या बापामुळे म्हणत नाही, हे त्या लेकराला कसं सांगणार? तिने वाट पाहिली नाही. लहान पोरं शिकवतात तसं एकेक शब्द सुटा करून तिने सांगितला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटला. तिने दुसरा सांगितला. मी तोही म्हटला. असं करत ती सबंध ओळ मी तिच्यामागे म्हटली. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

"आलं की," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

त्या ओळीने माझं मन धुऊन निघालं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी तिच्या केसांच्या गाठी सोडवायला बसले. सबंध सकाळ गेली, ती रडली, मीही रडले, आणि आई दारात उभी राहून बघत होती.

ती दहा-अकराची झाली तेव्हा काका सुटून आले.

आई अंगणात ज्वारी पाखडत होती. मी तोवर शिकून वस्तीतल्या लहान मुलांना अक्षरं शिकवत असे. तेव्हा मुलं नुकतीच घरी गेली होती. कुंपणाच्या दाराला लावलेल्या काटेरी झापापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. केस पांढरे, गाल बसलेले. मी ओळखलं नाही. आईने सूप खाली ठेवलं.

"ये," ती म्हणाली.

तो आत आला नाही. "वैनी," तो म्हणाला, "गावात इचारलं. पोर कुठं पुरली ते कोनी सांगंना. एक जन म्हणला, तुमच्याकडं इचार."

तेवढ्यात पोर ओढ्यावरून आली. डोक्यावर घागर, परकर भिजलेला. "आई, कोन आलंय?" तिने विचारलं.

त्या माणसाने तिचं कपाळ पाहिलं असणार. तो उभ्याचा खाली बसला. तिथेच, मातीत. मी माणसं शोकाने कोसळताना पाहिली होती, पण हे तसं नव्हतं. त्याच्या तोंडावर धास्ती होती.

"तुमी वाढवली," तो म्हणाला.

"भाकर खा आधी," आई म्हणाली. "घाट चढून आलास." तिने मला खूण केली. मी जागची हलले नाही, तेव्हा तिने स्वतः आत जाऊन भाकर आणि ठेचा आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

त्याने हात लावला नाही. "मला मारा, वैनी. शिव्या तरी द्या. तुरुंगात दगूड फोडले, फटके खाल्ले, ते सोसलं. वाटलं, भोगलं ते फिटलं. आता हे काय करून ठेवलंत तुमी? हे कसं फिटायचं?"

"फिटायचं न्हाईच ते," आई म्हणाली. "जेव."

तो उठला आणि घाटाच्या वाटेने जवळजवळ पळत गेला. भाकर तशीच राहिली.

पोर घागर डोक्यावर घेऊन अजून उभीच होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला एवढंच माहीत होतं की तिची आई तापाने गेली आणि बाप दूर गेला. वस्तीत पोरं काहीबाही ओरडत, पण आईने त्यांना इतक्यांदा हाकललं होतं की ती थांबली होती. आता ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आक्का, तो माझा बा हाय?"

"हो."

"त्यानं काय केलंय?"

आई ज्वारी गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. सांगणं माझ्यावर आलं. मी तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली, तिला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. काही लपवलं नाही.

"तुला ठावं होतं?" तिने विचारलं. "पहिल्यापासून?"

"हो."

"मग मला कावून जेऊ घातलंस?"

मी म्हटलं, "मी न्हाई घातलं. आईनं घातलं. मी नंतर."

त्याहून जास्त खरं मला काही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती बदलली. ती आमच्या आधी उठे, अंगण झाडे, पाणी भरे, वाख कुटे, शेण थापे. जेवायला बोलावलं की म्हणे, तुमचं होऊ द्या. मग चुलीमागे बसून उरलेला तुकडा खाई. आईला ती आई म्हणेना. काहीच म्हणेना. मान वर करून बोलेना. शेजारणी म्हणाल्या, बघा, पोर शहाणी झाली, उपकार जाणती. मलाही वाटलं की बरं आहे.

आई काही दिवस बघत राहिली. एका सकाळी पोर अंगण झाडत होती. आई तिच्यापुढे गेली आणि तिच्या हातातली केरसुणी हिसकावून कुंपणाबाहेर फेकली. माझ्या आईला मी असं काही करताना कधी पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही तिचा आवाज चढला नव्हता.

"कालपतुर लेक होतीस," आई म्हणाली, "आज गडी झालीस व्हय? कोनी ठिवलंय तुला कामावर?"

पोर केरसुणी आणायला कुंपणाकडे वळली. "मी फेडीन," ती म्हणाली. "मोठी होऊन सगळं फेडीन."

"काय फेडशील? त्याला परत आनशील?"

"न्हाई."

"मग? असली कामं करून तू मला मजुरी द्यायला बघतीस. मी मजुरीवर न्हाई वाढवलं तुला. मला तसलं काही नगं." आईने दाराकडे बोट केलं. "आत ये. ताट वाढलंय. माझ्या शेजारी बस. अन् काम सांगितलं तर आधी कुरकुर कर, पयल्यासारखी."

पोर आत गेली आणि आईच्या शेजारी बसली. जेवताना तिला हुंदके येत होते आणि घास खाली जात नव्हता. आईने तिच्या पाठीवर थाप मारली आणि पाणी पुढे केलं. आई त्या दिवशी जेवली नाही.

मी पाळकांच्या तोंडून कृपेविषयी ऐकलं होतं, स्वतः मुलांना शिकवतही होते. ती मऊ, गोड असते असं मला वाटे. ती माणसाच्या हातातून केरसुणी हिसकावून घेते, हे मी त्या सकाळी पाहिलं. शिक्षा माणूस सोसू शकतो, उपकारही काम करून हलका करू शकतो. हे मात्र नुसतं घ्यावं लागतं, आणि घेताना आपल्या हातात काही म्हणजे काही नसतं. काका ते बघून पळाले. पोर ते बघून मोलकरीण व्हायला निघाली. मी तर सहा-सात वर्षं त्याच घरात राहून ते आपल्याला लागू नाही असं धरून चालले होते. जीव गेला होता तो माझ्या वडिलांचा. मी देणारी आहे, घेणारी नाही, असं माझं म्हणणं होतं.

काका पावसाळा सरल्यावर परत आले. वस्तीबाहेर ओढ्याच्या काठी त्यांनी खोपट घातलं. रविवारी मंडळीच्या नव्या छपरात उपासना चालू असे तेव्हा ते लांब, जिथे चपला काढून ठेवत तिथे बसत. कुणी आत बोलावलं तर मान हलवत. पाळकांनी एकदा त्यांना विचारलं, "दर रविवारी येता, आत येत नाही. काय हवंय तुम्हाला?"

ते म्हणाले, "शिक्षा कळती मला, साहेब. हे कळत न्हाई. कळत न्हाई त्याच्याजवळ बसून ऱ्हावं म्हणतो."

मंडळीत वाद झाले. एका घराने तर सांगितलं की हा इथं येत राहिला तर आम्ही बाहेर. ते बाहेर गेलेही आणि पुन्हा आले नाहीत. आई त्यांच्या दारी जाऊन आली, पण त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. सगळं गोड झालं असं नाही. काकांनी बाप्तिस्मा घेतला तो पुष्कळ पुढे, ओढ्यातच. त्या दिवशीही आई काठावर पाठमोरी उभी होती. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "बघवलं न्हाई. पर व्हावं असं वाटत होतं."

पोरीला तो बाप म्हणून जवळचा झाला नाही. ती कधी त्याला भाकर नेऊन देई, कधी दोघं खोपटापुढे न बोलता बसत. पुढे ती मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकली आणि या भागातल्या पुष्कळ बायकांच्या उशाशी बसली. तिच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. कुणाची लेक म्हणून ते तिला बोलावताना विचारत नसत.

माझं लग्न माजलगावकडच्या एका शिक्षकाशी झालं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. तोवर मी काकांशी एक शब्द बोलले नव्हते. ते समोरून आले की मी वाट सोडत असे, किंवा ते सोडत. मुलगा झाला. बाळंतिणीच्या शेकासाठी जळण हवं होतं. सकाळी कुणीतरी बाभळीच्या वाळक्या फांद्यांची मोळी ओट्याशी उतरवली. मी दारातून पाहिलं, ते काका होते. मोळी ठेवून ते वळले. त्यांची पाठ वाकली होती.

आई आत पाणी तापवत होती. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही काही नव्हतं. तोंडातून आपोआप शब्द आले. "काका, आत या."

ते थांबले. मागे वळले नाहीत. आपण ऐकलं ते खरं की काय, असे उभे राहिले. आणि मला त्यांच्याहून मोठा धक्का बसला होता. लहानपणी मी ज्या नावाने हाक मारत असे ते नाव माझ्या तोंडात अजून होतं हे मला माहीत नव्हतं. मी ते देत होते की कुणी माझ्या हातून काढून घेत होतं, मला आजही सांगता येत नाही. एवढं खरं, की बोलल्यावर मला माझी लाज वाटली नाही आणि वडिलांची आठवण कमी झाली नाही.

ते आत आले आणि भिंतीला टेकून बसले. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या हातातलं भांडं हिंदकळलं आणि चुलीत पाणी सांडून धूर झाला. "उजेडाच्या आड बसू नगंस," ती त्यांना म्हणाली, "मला दिसत न्हाई." ते सरकून बसले. बाळ रडू लागलं. मी त्याला पाजायला घेतलं आणि काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. जेवायची वेळ झाली तेव्हा आईने चार ताटं मांडली, कारण आमची पोरही दवाखान्यातून माझ्यासाठी आली होती. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून बसले. मग ते जेवले.